रोज कॉलेजला निघतो, पोचत मात्र नाही. हा आळस की आजार?

नमस्कार मंडळी. वाचतो बऱ्याच दिवसांपासून, लिहितोय पहिल्यांदाच. आयडी नवीन काढलाय, जुन्यावर गावातली दोन पोरं ओळखतात.

मी अमळनेर तालुक्यातला. जळगावला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रेल्वेच्या पासवर अप-डाउन करतो. दिवाळीनंतर असं चाललंय की सकाळी डबा घेऊन निघतो, जळगावला उतरतो आणि कॉलेजच्या रिक्षात बसतच नाही. मेहरूण तलावावर जाऊन बसतो. दुपारी डबा तिथल्या कुत्र्यांना घालतो, संध्याकाळच्या गाडीनं घरी. डबा रिकामा बघून आई खूश होते. दिवाळीत ६२ किलो होतो, परवा ५४ भरलो.

पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिलेत, तिसऱ्या सेमला आणखी तीन. एम-थ्रीचं (तिसऱ्या सेमच्या गणिताचं) पुस्तक उघडलं की एकच ओळ सात-आठदा वाचतो आणि ती डोक्यात शिरत नाही. बारावीला गणितात ९१ होते, आता ते दुसऱ्याच कुणाचे असावेत असं वाटतं.

सगळ्यात वाईट पहाट. तीन-साडेतीनला जाग येते ती येतेच. आबांनी भाव वाढेल म्हणून कापूस विकलेला नाही. मधल्या खोलीत पार आढ्याला टेकेल एवढा ढीग आहे, त्याच्या शेजारी माझी खाट. अंगाला खाज सुटते ती वेगळीच. हा कापूस गेला की माझी राहिलेली फी भरायची आहे. ज्या वर्गात मी बसत नाही त्याची फी समोर पडलेली दिसते, आणि ती बघत उजाडेपर्यंत पडून राहायचं. (अमळनेर म्हटलं की बाहेरचे लोक विप्रोच्या शेअरवर श्रीमंत झालेल्या घरांचं विचारतात. आमचं घर त्यातलं नाही.)

जानेवारीत पोरांनी मळ्यात भरीत-पुरीचा बेत केला होता. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणं म्हणजे दरवर्षी माझं काम, दुसऱ्या कुणाला मी हात लावू देत नसे. यंदा मी बांधावर बसून राहिलो. भरीत खाल्लं, चव कळली नाही. "काय व्हयनं रे भो?" एकानं विचारलं. काय सांगणार? कुणी मेलेलं नाही, प्रेमभंग नाही, काहीच झालेलं नाही.

आईनं मंगळग्रह मंदिरात नेऊन अभिषेक केला. त्याचा राग नाही, तिला जे सुचलं ते तिनं केलं.

विचारायचं हे की याला डिप्रेशन म्हणतात की मी नुसता कामचुकार आहे? मानसोपचारवाल्याकडे गेलो तर तो घरी कळवेल का? गोळ्यांची म्हणे सवय लागते. आणि वर्ष सोडून द्यावं का? मरायचं वगैरे डोक्यात नाही. फक्त रात्री झोपल्यावर सकाळ होऊच नये असं वाटतं.

रांगडा_गडी: भाऊ, मोबाइल बाजूला ठेव, पहाटे उठून पळायला जा. आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं. आपोआप सुटेल.

धागाकर्ता: पहाटे उठलेलाच असतो, दादा. तीच तर अडचण आहे.

भुसावळची_मावशी: बाळा, बाकीचं नंतर. तुझी शेवटची ओळ मी तीनदा वाचली. स्पष्टच विचारते, राग मानू नकोस. जीव द्यायचा विचार येतो का? कसा, कधी, असं काही मनात ठरलंय का? शाळेत बरीच वर्षं काढली आहेत मी. असं विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवीन काही शिरत नाही, उलट बोलणाऱ्याचं ओझं उतरतं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर लिहून घे. सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, रात्री-बेरात्री लागतो आणि मराठीत बोलतात. पहाटे साडेतीनला त्या कापसाकडे बघत बसण्यापेक्षा तो फिरव. आणि विचार नुसता न राहता पुढे सरकायला लागला, तर फोनवर थांबू नकोस. घरातल्याला उठव आणि सरळ दवाखाना गाठ. उत्तर दे, मी वाट बघते.

धागाकर्ता: ठरवलेलं काही नाही, मावशी. खरंच. पण विचारल्यावर हात कापला. नंबर सेव्ह केलाय.

धुळेकर_९८: मी यातून गेलोय म्हणून सविस्तर लिहितो. डी. फार्मसीला होतो तेव्हा. तुझं वाचताना अंगावर काटा आला, फक्त माझ्याकडे मेहरूणऐवजी बसस्टँड होतं.

आळशी माणसाला आवडीचं काम करायला आवडतं. तुला वांगी भाजायचाही उत्साह नव्हता, हे तूच लिहिलंयस. दोन आठवड्यांहून जास्त दिवस, जवळपास रोज, मन उदास किंवा कशातच रस नाही, त्यात भूक गेलेली, वजन उतरलेलं, पहाटे जाग, लक्ष लागत नाही, सतत अपराधी वाटणं. डॉक्टर हेच विचारतात. तुझे तर महिने झाले. निदान मी करत नाही, ते त्यांनाच करू दे. आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासायला सांगतील. त्यातलं काही कमी-जास्त असलं तरी माणूस असाच गळून जातो.

जळगावच्या सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी आहे. केस पेपर काढायचा, रांगेत बसायचं. ओळखीचं कुणी भेटेल ही भीती मलाही होती, आणि भेटलाही एक. तोही नंबर लावूनच बसला होता! दोघांनी एकमेकांना पाहिलं नाही असं केलं.

घरी कळवण्याचं म्हणशील तर तू अठराच्या वरचा आहेस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे, परस्पर सांगत नाहीत. जिवाला धोका वाटला तर गोष्ट वेगळी, आणि ते बरोबरच आहे.

गोळ्यांचं नीट ऐक, इथेच पोरं फसतात. डिप्रेशनची गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात लागू पडत नाही. मला पहिला आठवडा नुसतं मळमळलं, फरक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कळला, तोही आधी झोपेत. पहिल्या दिवसांत बेचैनी वाढली किंवा नको ते विचार जोर करायला लागले तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांना गाठायचं. सवय लागते ती बहुतेक झोपेच्या गोळ्यांची, लोक दोन्ही एकत्र करतात. बरं वाटलं की बंद करायची नाही, अचानक तर नाहीच. मी केली होती. चक्कर, चिडचिड, आणि दोन महिन्यांत परत तिथंच. दुसऱ्यांदा नऊ महिने घेतल्या, मग त्यांनीच हळूहळू कमी केल्या.

वर्ष सोडायचा निर्णय आत्ता घेऊ नकोस. या अवस्थेत डोक्याला सगळे रस्ते बंदच दिसतात. डॉक्टरांचा कागद घेऊन आधी क्लास टीचरना भेट, हजेरीचं आणि स्कॉलरशिपचं काय ते ऑफिसात विचार. आणि घरात एक माणूस निवड. आबाच पाहिजेत असं नाही.

धागाकर्ता (अकरा दिवसांनी): उशीर झाला, माफ करा. मावशी, १४४१६ लावला. पहाटेच. गोठ्यात जाऊन बोललो. बाई मराठीत बोलल्या, मला वाटलं प्रवचन देतील, त्यांनी जेवलास का विचारलं.

मग पारोळ्याच्या ताईला सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं हजर. माझ्यासोबत सिव्हिलला आली, साडेतीन तास बसलो. बी-१२ बराच कमी निघालाय, आणि डॉक्टरांनी डिप्रेशनही आहे म्हणून सांगितलं. दोन्हीच्या गोळ्या चालू. आज सहावा दिवस, मळमळ आहे, बाकी फरक शून्य.

आबांना ताईनंच सांगितलं, मी बाहेर ओट्यावर होतो. आत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग बाहेर येऊन म्हणाले, "पहिले काबर नही सांगं?" आणि बैलांना पाणी दाखवायला गेले. कापूस अजून घरातच आहे, पण माझी खाट ताईनं ओसरीत काढली.

कॉलेजला अजून गेलेलो नाही. सोमवारी क्लास टीचरना भेटायचंय, ताई येते म्हणतेय, नको म्हणालोय.

धुळेकर, एक विचारायचं राहिलं. गोळी सकाळी जेवणानंतर लिहून दिलीय, पण गाडीच्या आधी जेवण होत नाही. दशमीचा तुकडा खाऊन घेतली तर चालते का, की रात्रीची करून मागू?