स्टॉक पार्ट विका म्हणणाऱ्यांनो, आधी माझा माळा बघा

मुलुंडकर_आरएस:
परवा कुणीतरी लिहिलं, ‘गाडी मॉडिफाय केलीत ना? मग स्टॉक पार्ट, म्हणजे कंपनीचे मूळ पार्ट, कवटाळून काय बसता? विका आणि त्या पैशात पुढचा पार्ट घ्या. माळ्यावर सायलेन्सर ठेवणारा मनाने अजून शोरूममध्येच असतो.’ खाली टाळ्यांचा पाऊस. म्हणून हा धागा.

माझी गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५. २०२० साली भारतासाठी २००च आल्या, त्याही तयार होऊन बाहेरून. स्टेज २ केली : डाउनपाइप (टर्बोमागचा एक्झॉस्ट पाइप), इनटेक (हवा आत घेणारा), रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची नवी सेटिंग), गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगा, शॉकअप. काढलेलं सगळं घरात आहे. स्प्रिंगा ग्रीस फासून पलंगाखाली. कॅटसकट (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) मूळ डाउनपाइप माळ्यावर, आईच्या पापडांच्या डब्यामागे. नटबोल्टसुद्धा पिशवीत, वर चिठ्ठी. हसा खुशाल.

आधीच्या पोलोला मी हीच हुशारी केली होती. मूळ एक्झॉस्ट कुर्ल्याला सीएसटी रोडवर ४,५०० ला फुंकला. दोन वर्षांनी गाडी विकायला काढली, तर येणारा प्रत्येक जण बॉनेट उघडायच्या आधी विचारायचा, ‘स्टॉक आहे ना?’ शेवटी त्याच रस्त्यावरून तसाच एक्झॉस्ट २२,००० ला उचलला. माझाच असावा. खालचा ओरखडा ओळखीचा वाटला.

गॅरेजचा_काका:
५९० लिटरची डिकी आणि म्हणे स्पोर्ट्स कार! असो. तीस वर्षं गाड्यांखाली झोपतोय, म्हणून सांगतो. मुंबईच्या हवेत लोखंड ‘ठेवलं’ असं नसतं, ते सडत असतं. चार पावसाळ्यांनी पाइप काढाल तेव्हा पापड बरे निघतील. बुशांचं रबर कडक होतं, पडून राहिलेल्या शॉकअपचं सील दगा देतं. टायर तर ठेवूच नका. कडेला चार आकडे असतात, आठवडा आणि साल. गाडी जागची हलली नाही तरी टायर म्हातारा होतो.

वडाळा_व्हीटेक:
काका, तुमचा अनुभव मोठा, पण माझी सिटी व्हीटेक २००१ ची आहे. दीड लिटर, १०६ बीएचपी, अजून भल्याभल्यांना मागे टाकते. २०१६ ला पंधरा वर्षं भरली, आरसी रिन्यू करायला गाडी तपासणीला न्यायची होती. आदल्या रात्री २ वाजेपर्यंत मी आणि धाकटा भाऊ जॅकखाली, मूळ सायलेन्सर चढवत होतो. गंजलेला होता, हो. पण बसला. २०२१ ला परत तेच. तो विकला असता तर गाडी भंगारात गेली असती.

कायद्याचं_बोला:
म्हणजे तपासणीपुरता सज्जन आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येरे माझ्या मागल्या. अभिमानाने सांगताय? मोटार वाहन कायदा, गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ वाचा. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही कान उपटलेत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ, मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० दंड, किंवा दोन्ही. वर विमा कंपनीला न सांगितलेले बदल क्लेमच्या वेळी तुमच्याच गळ्यात. माळ्यावरचा पाइप हा पार्ट नाही, पुरावा आहे.

वडाळा_व्हीटेक:
वकीलसाहेब, तुमच्या गाडीच्या काचांना काळी फिल्म नाही ना? सहज विचारलं.

सेक्रेटरी_सेवानिवृत्त:
तुमचे माळे तरी तुमचे आहेत. आमच्या सोसायटीत एका चिरंजीवांनी चार टायर, एक बंपर आणि एक अख्खी सीट स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, ठेवली. जूनमध्ये टायरांत पाणी साचलं, पाण्यात डासांच्या अळ्या. पालिकेचा माणूस आला, नोटीस सोसायटीच्या नावाने! पार्किंग गाडीसाठी असतं, गोदामासाठी नाही.

स्टिल्ट_नंबर_७:
ज्याने बिल्डरला पार्किंगचे रोख पैसे मोजलेत तो तिथे काहीही ठेवेल. आमच्याकडेही असलाच एक सेक्रेटरी होता, लोकांची स्कूटर एक वीत सरकली तरी फोटो काढायचा.

सेक्रेटरी_सेवानिवृत्त:
पावती दाखवा! २०१० सालीच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, मुंबईच्याच खटल्यात, की बिल्डरला स्टिल्ट पार्किंग वेगळं विकता येत नाही. तुम्ही विकत घेतलंत ते दुसऱ्याच्या मालकीचं होतं.

स्टिल्ट_नंबर_७:
मग माझे पैसे परत द्यायला तुम्ही येणार का? नियम सांगणाऱ्यांच्या दोन-दोन गाड्या गेटाशी उभ्या असतात, त्यावर कधी सभा होत नाही.

सेक्रेटरी_सेवानिवृत्त:
माझी दुसरी गाडी मुलाची आहे. आणि ती पाहुण्यांच्या जागेत फक्त रात्री असते.

मुलुंडकर_आरएस:
अहो, धागा स्टॉक पार्टचा आहे! पार्किंगचा वेगळा काढा.

गॅरेजचा_काका:
निघणार नाही, मुंबईत सगळे धागे पार्किंगलाच जातात. बरं, ऐका. कॅट ठेवा, तेवढं मी देतो तुम्हाला. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. भंगारवाल्याला ते पक्कं ठाऊक असतं आणि तुम्हाला तो भाव लोखंडाचा लावतो. ४,५०० ला दिलात तेव्हा त्याने घरी पेढे वाटले असतील. ईसीयूची, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची, मूळ फाइल ठेवा, तिला गंज चढत नाही आणि माळाही लागत नाही. स्प्रिंगाही ठेवा, पलंग तुमचा, पाठ तुमची. शॉकअप मात्र आजच्या आज विका, अजून कुणाच्या तरी उपयोगाचे आहेत.

मुलुंडकर_आरएस:
म्हणजे चारातल्या तीन गोष्टी ठेवायच्या आणि मी चुकलो. उत्तम. शॉकअप विकतो. पण सीएसटी रोडवर नाही, आणि ओरखडे मोजून.

कायद्याचं_बोला:
फिल्म मूळ मालकाने लावली होती. काढणार आहे.

वडाळा_व्हीटेक:
काढलेली जपून ठेवा हो.

सेक्रेटरी_सेवानिवृत्त:
अळ्यांच्या नोटिशीचा दंड कोण भरणार, याचं उत्तर अजून आलेलं नाही.