बॅटल-शॉक झाला तरी तुकडी लढतेच

दादा, वॉरहॅमर ४०,००० या टेबलावर छोट्या मूर्तींनी खेळायच्या युद्धखेळात बॅटल-शॉक झालेली, म्हणजे धीर खचलेली तुकडी गोळीबारही करू शकत नाही असं तुम्ही लिहिलंत, ते तसं नाही. त्याच्या दहाव्या आवृत्तीत (२०२३) ती हलते, गोळ्या झाडते, चार्जही करते, म्हणजे शत्रूवर धावून जाते. जातो तो ताबा. प्रत्येक मॉडेलचा (मूर्तीचा) ओसी, म्हणजे ताबा मोजायचा आकडा, शून्य होतो; मग ऑब्जेक्टिव्हवर (ताब्यात घ्यायच्या जागेवर) कितीही जण उभे असोत, मोजणीत कोणीच नाही. शिवाय तिच्यावर सहसा आपला स्ट्रॅटेजम (गुण खर्चून वापरायचा खास डाव) चालत नाही. हे आपल्या पुढच्या कमांड फेजच्या (पाळीतल्या पहिल्या टप्प्याच्या) सुरुवातीपर्यंतच. बॅटल-शॉकची नेहमीची चाचणी तुकडीत निम्म्याहून कमी मॉडेल उरल्यावर: १० पैकी ५ उरले तर नाही, ४ उरले तर हो. रत्नागिरीत आमच्या पडवीतल्या टेबलावर अख्खा पावसाळा आम्ही हेच चुकीचं खेळलो. एक पोरगा कंटाळून यायचाच थांबला, म्हणून इतकं कळकळीने लिहितोय.