विमानात खरा धोका कशाचा, फोनचा की पॉवर बँकेचा?

खारघरकर : नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागल्यापासून आमच्या सोसायटीत पहिल्यांदाच विमानाने निघालेली मंडळी फ्लाइट मोडची चौकशी आवर्जून करतात, पॉवर बँक कुठे ठेवायची, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते खरी काळजी तिचीच करायला हवी. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील गिम्हे विमानतळावर उभे असलेले एअर बुसानचे विमान पेटले. आग डोक्यावरच्या सामानकप्प्यातून सुरू झाली आणि संशय पॉवर बँकेवर गेला. म्हणून ती प्रवाशाच्या हाताशीच असावी आणि उड्डाणात तिने चार्जिंग करण्यास बंदी असावी.

घोडबंदरवासी : हाताशी ठेवणे मान्य, बंदी अमान्य. १०० वॅट-अवरपर्यंतची (वॅट-अवर म्हणजे साठवलेल्या विजेचे माप) पॉवर बँक केबिनमध्ये नेता येते आणि बाजारातली २०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-अवरची भरते. बोर्डिंग पास, टॅक्सी, हॉटेल सारे फोनमध्ये आणि सीटला चार्जिंगची सोय नाही, अशा वेळी माणसाने करायचे काय? छाप नसलेला स्वस्त माल सुरक्षा तपासणीतच अडवावा.

ऐरोलीकर : फ्लाइट मोडला इतके हलके लेखू नये. रेडिओजवळ जुना मोबाइल ठेवला की होणारी टर्रटर्र अनेकांना आठवत असेल. तसाच व्यत्यय वैमानिकाच्या हेडफोनमध्ये येऊ शकतो आणि धुक्यात उतरताना तो कोणालाच परवडणारा नाही. आपल्या डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाने, २०१४ मध्ये उड्डाण व उतरण्याच्या वेळीही उपकरणे वापरू दिली, ती फ्लाइट मोडच्या अटीवरच.

खारघरकर : घोडबंदरवासी, छापावर एवढा भरवसा नको. बॅटरी पेट घेत असल्याने २०१६ मध्ये अमेरिकेने विमानात बंदी घातलेला गॅलेक्सी नोट ७ हा फोन नामांकित सॅमसंगचाच होता. बॅटरीतल्या सेलच्या आतला दोष वरून दिसत नाही, आणि एकदा तो सेल तापत गेला की मालकक्षातल्या अग्निशामक वायूने ज्वाळा दबल्या तरी आतली उष्णता थांबत नाही. केबिनमध्ये निदान धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून सेल थंड करू शकतात. सीटला चार्जिंगची सोय कंपन्यांनी द्यावी, ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे.

घोडबंदरवासी : मग ती सोय आधी होऊ द्या, बंदीचे नंतर पाहू. तोवर सीटच्या फटीत पडलेला फोन काढण्यासाठी सीट मागे-पुढे करून बॅटरी चिरडणाऱ्यांना आवरा. कर्मचाऱ्यांना बोलावण्याची सूचना तेवढ्याचसाठी असते.