मदत हवी आहे: रस्त्यांच्या ग्राफचं कॅल्क्युलेशन संपतच नाही

संत्रानगरी: नागपूरच्या सगळ्या रस्त्यांचा ग्राफ बनवलाय (चौक म्हणजे नोड, मधला रस्ता म्हणजे एज), कोणत्या चौकातून सगळ्यात जास्त शॉर्टेस्ट पाथ जातात ते काढायचंय. काल रात्री लावलेलं अजून चालूनच राहिलं. सोमवारी गाईडला दाखवायचंय, स्पीड कसा वाढवू? लवकर सांगा प्लीज

गणितवेडा: कशात चालवताय? सेज, मॅटलॅब, मॅथेमॅटिका? नोड किती? एजना वजनं आहेत का?

फुटाळा_काठ: ३२ जीबी रॅम टाक भाऊ, माझं सगळं त्यानंच सुटलं

गणितवेडा: रॅमचा काय संबंध? सगळ्या जोड्यांची अंतरं मॅट्रिक्समध्ये भरली तर १ लाख नोडला, आठ बाइटचा एक आकडा धरून, ८० जीबी लागतात, मग ३२ नं काय होणार? आणि बिट्वीननेसला, म्हणजे एका नोडमधून किती शॉर्टेस्ट पाथ जातात या तुमच्या मापाला, ती मॅट्रिक्स लागतच नाही. ब्रँडेसची २००१ ची पद्धत एकेका नोडपासून पाथ काढते आणि बेरीज करत जाते. वेळ खाते, मेमरी नाही.

संत्रानगरी: पायथन, त्यातली नेटवर्कएक्स लायब्ररी. ६० हजारच्या आसपास नोड, वजन म्हणजे मीटरमध्ये लांबी. विंडोज. एकच कोअर चालून राहिला

वऱ्हाडी_कोडर: मग तिथंच अडलं ना बावा. नेटवर्कएक्स निव्वळ पायथन, शेजारचे नोड डिक्शनरीत डिक्शनरी करून ठेवतं, पावलापावलाला शोधाशोध. आयग्राफ लायब्ररी घे, आतून सी भाषेत आहे.

गणितवेडा: ग्राफ-टूल का नाही? सी प्लस प्लस, वर ओपनएमपी (काम कोअरांत वाटून देतं), सगळे कोअर कामाला लागतात.

वऱ्हाडी_कोडर: अन् विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स) लावत बसेल का तो सोमवारपर्यंत? आयग्राफ पिपनं (पायथनचा इन्स्टॉलर) एका ओळीत येतं.

अंबाझरी: रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवरून घ्या, ओएसएमएनएक्स या पायथन लायब्ररीनं शहराचं नाव टाकलं की येतात

संत्रानगरी: अहो ते झालंय कधीचंच!!

अंबाझरी: बरं, पण वर्धा रोडचा डबल डेकर उड्डाणपूल बघा. पूल आणि खालचा रस्ता नकाशावर एकावर एक दिसतात, तिथं हातानं नोड जोडलात तर पुलावरून मधेच उतरता येतं असं धरलं जाईल आणि निकालच चुकेल.

गणितवेडा: हे बरोबर. आणि घाई असेल तर नेटवर्कएक्समध्येच के हा पर्याय द्या, १००० वगैरे, म्हणजे तेवढ्याच रँडम नोडपासून मोजेल. वरचे चौक बहुधा तेच राहतात, खालचा क्रम हलतो. सीड ठेवा, म्हणजे दर वेळी तेच रँडम नोड येतील.

संत्रानगरी: के टाकून लावलंय. आयग्राफमध्ये नोडचे नंबर बदलून राहिले, माझे जुने आयडी कुठे गेले?

वऱ्हाडी_कोडर: फ्रॉम_नेटवर्कएक्सनं आणलं ना? मग जुनं नाव _एनएक्स_नेम या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये असतं. अन् बिट्वीननेसला वजनाचं नाव दे, नाहीतर गल्लीचा तुकडा अन् रिंग रोडचा लांब पट्टा दोन्ही एकच पाऊल धरेल.

फुटाळा_काठ: व्हरायटी चौक पहिला आला का?