‘कल्याण सुधारणा’ला दुसरा शब्द आहे का?

शब्दखुळा:
एका लेखाचं भाषांतर करतोय. विषय ब्रिटनमधला २०१२ चा ‘वेल्फेअर रिफॉर्म’ कायदा आणि चर्चची भूमिका. मी बिनदिक्कत लिहून टाकलं, ‘कल्याण सुधारणांना चर्चचा विरोध’. बायकोला वाचून दाखवलं तर म्हणाली, “म्हणजे आगरकरांना सनातन्यांनी केला तसा?” तिथेच गाडी अडली. मराठीत सुधारणा करणारा तो शहाणा आणि आडवा येणारा तो कर्मठ, हे केव्हाच ठरून गेलंय. इथे प्रकरण उलटं आहे. सरकारला एका कुटुंबाच्या मदतीवर वर्षाला २६,००० पौंडांची मर्यादा घालायची होती. मुलांसाठीचा भत्ता तरी त्यात धरू नका, असा आग्रह बिशपांचा. रिपन अँड लीड्सचे बिशप जॉन पॅकर यांनी मांडलेली तशी सूचना लॉर्ड्समध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, २५२ विरुद्ध २३७ मतांनी मंजूर झाली; कॉमन्सने, म्हणजे खालच्या सभागृहाने, ती नंतर उडवली. आता यात ‘सुधारणा’ कोणाची म्हणायची?

जुना कारकून:
त्यात आणखी एक मेख आहे. सरकारी मराठीत ‘अमेंडमेंट’लाही सुधारणाच म्हणतात. अधिनियमांच्या नावात कंसात ‘सुधारणा’ येते ती हीच. म्हणजे तुमचं वाक्य होणार, ‘सुधारणा विधेयकाला बिशपांनी सुधारणा सुचवली’. निदान तिथे तरी ‘दुरुस्ती’ वापरा.

पारनाका:
मला ‘चर्चचा विरोध’ हेच खटकलं. आमच्या वसईत चर्च म्हणजे आधी इमारत. रविवारी जातो ते चर्च. सगळ्या भाविकांचा मिळून जो समुदाय, ती ख्रिस्तसभा. प्रोटेस्टंट लोक त्याला मंडळी म्हणतात, आणि नगरकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांत तर इमारतीला देऊळ म्हणतात. तुमच्या लेखात विरोध केला कोणी? इमारतीने नक्कीच नाही. लॉर्ड्समध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या २६ बिशपांना पदसिद्ध जागा असतात, त्यांतल्या काहींनी. मग तसंच लिहा की.

लंडनकर:
पारनाका, शंभर टक्के. ‘चर्च’ लिहिलं की सगळे एका सुरात बोलले असं वाटतं. त्याच वादात जॉर्ज कॅरी, म्हणजे कँटरबरीचे माजी आर्चबिशप, मर्यादेच्या बाजूने बोलले होते. दोन वर्षांनी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, कॅथलिकांचे व्हिन्सेंट निकोल्स सरकारवर तुटून पडले आणि २७ अँग्लिकन बिशपांनी इतर पंथांच्या नेत्यांसोबत खुलं पत्र लिहिलं. तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरॉन यांचं उत्तर असं की हे बदल हीच आमची नैतिक मोहीम आहे. नीतीची भाषा दोन्हीकडे!

जाता जाता, ‘वेल्फेअर स्टेट’ (कल्याणकारी राज्य) हा शब्द इंग्रजीत रुळवला तोही एका आर्चबिशपने. विल्यम टेंपल, १९४१ चं पुस्तक. बळावर चालणाऱ्या राज्याच्या विरुद्धचं ते राज्य, असा त्यांचा रोख. ब्रिटनमधल्या सरकारी मदतीचा पाया मानला जाणारा बेव्हरिज अहवाल आला १९४२ ला, म्हणजे त्यानंतर. तेव्हा बिशप राजकारणात का नाक खुपसतात, हा प्रश्न थोडा उशिरा विचारलाय.

जुना कारकून:
‘कल्याण’ म्हटलं की मला आधी स्टेशन आठवतं, मग समाजकल्याण खातं. मधे आशीर्वादही आहे, ‘कल्याण असो’. देणारा वर, घेणारा खाली. आणि घेणाऱ्याने हक्काने काही मागितलं की आपल्याकडे म्हण तयारच, अन्नछत्रात जेवणे आणि मिरपूड मागणे. त्यातही गंमत पाहा. चॅरिटीला आपण ‘धर्मादाय’ म्हणतो, आयुक्तसुद्धा धर्मादाय, शब्दातच धर्म. उलट मराठी बायबलात करिंथकरांच्या पत्रात, जिथे जुन्या इंग्रजीत ‘चॅरिटी’ आहे, तिथे ‘प्रीती’ आहे.

शब्दखुळा:
म्हणजे ‘मदत-कपात’ लिहू का?

लंडनकर:
नको. मग तुम्ही बिशपांच्या बाजूने झुकलात. सरकारचं म्हणणं होतं की काम करणाऱ्या सरासरी कुटुंबाच्या कमाईहून जास्त मदत नको. ते पटो न पटो, भाषांतरकाराने निकाल देऊ नये.

पारनाका:
आपल्याकडे लाडकी बहीण योजनेतली नावं कमी झाली तेव्हा कोणी ‘सुधारणा’ म्हटलं का? छाननी, पडताळणी, अपात्र. सरकारी शब्द, पण निदान काय चाललंय ते कळतं.

शब्दखुळा:
ठीक. कायद्याच्या नावात ‘सुधारणा’ अवतरणचिन्हांत ठेवतो, बाकी लेखात ‘मदतीच्या नियमांतले बदल’. आणि पहिलं वाक्य असं: ‘कुटुंबाला मिळणाऱ्या सरकारी मदतीवर मर्यादा घालताना मुलांचा भत्ता वगळावा, असा लॉर्ड्समधल्या बिशपांचा आग्रह होता.’ बायकोने मान्य केलं. फक्त म्हणाली, “मर्यादा घालतात का आणतात?”

जुना कारकून:
घालतात. आणतात ते बंधन. पण त्यासाठी नवा धागा काढा.