८० मीटरवर युरोप का ऐकू येत नाही?

बिनतारी_सातारा: नमस्कार. घराच्या आवारात हौशी रेडिओच्या ८० मीटर बँडसाठी (सुमारे ८० मीटर तरंगलांबीच्या लहरींसाठी) उलट्या ‘व्ही’ आकाराचा डायपोल, म्हणजे मधोमध जोडणी घेतलेली तारेची अँटेना, लावला असून त्याचा मध्य जमिनीपासून १० मीटर उंच आहे. रात्री ९ ते ११ या वेळेत बंगळूर, हैदराबाद, इंदूर खणखणीत ऐकू येतात. परंतु डिसेंबर अर्धा सरला तरी युरोपचे एकही स्टेशन कानी पडलेले नाही. कुठे चुकते आहे?

पहाटपाळी: आपली वेळ चुकते आहे. आपल्याकडे रात्रीचे ९ वाजतात तेव्हा लंडनमध्ये दुपारचे साडेतीन झालेले असतात. वातावरणातील डी थर उन्हात तयार होतो आणि ८० मीटरसारख्या कमी वारंवारितेच्या लहरी तोच सर्वाधिक शोषून घेतो, त्यामुळे पल्ल्याचा तिकडचा भाग तेव्हा बंदच असतो. पहाटे ५ पासून सूर्योदयानंतर अर्ध्या तासापर्यंत ऐकावे. जपानसाठी मात्र सूर्यास्ताची वेळ साधावी.

तांब्याची_तार: वेळेचे म्हणणे पटते, पण तेवढ्याने भागणार नाही. १० मीटर म्हणजे या बँडवर तरंगलांबीचा जेमतेम आठवा भाग. एवढ्या खालच्या डायपोलची बहुतेक शक्ती सरळ वर जाते आणि जवळपास परतते, म्हणूनच बंगळूर इतके खणखणीत येते. त्याच खांबावर १० मीटर उभी आणि १० मीटर आडवी अशी तार ओढून खाली जमेल तितके रेडियल (खांबाच्या पायथ्यापासून चोहीकडे जमिनीवर जाणाऱ्या तारा) पसरावेत. अशी उभी तार गोंगाटही भरपूर गोळा करते, तेव्हा ऐकण्यासाठी वेगळी अँटेना हवी. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकी हौशी रेडिओवाले पॉल गॉडली यांनी स्कॉटलंडमधील आर्ड्रॉसन येथे अमेरिकी हौशी स्टेशने ऐकली, ती शेकडो फूट लांबीच्या बेव्हरेज तारेवरच (जमिनीलगत सरळ ओढलेली, ऐकण्यासाठीची अँटेना). अशा तारेला मोकळी जागा लागते. शेजारच्या शेतात ऊसतोड झाली असेल तर मालकाला विचारून पाहावे. तार वायव्येकडे न्यावी आणि तिच्या दूरच्या टोकाला सुमारे ४५० ओहमचा रोधक जोडून त्याचे दुसरे टोक जमिनीला जोडावे.

गोंगाटग्रस्त: तार ओढण्यापूर्वी एक पहाट संच बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच बंद करून पाहावा. माझ्याकडे संचाच्या तीव्रतामापकावर (एस मीटर) एस ९ चा गोंगाट त्यामुळे एस ४ वर आला. दोषी निघाला तो देव्हाऱ्यातील एलईडी दिवा.

बिनतारी_सातारा: सर्वांचे आभार. अँटेना अजून तीच आहे, फक्त गजर ५ चा लावला. आज ६.४० ला इटलीचे एक स्टेशन मोर्समध्ये स्पष्ट ऐकू आले. मी तीनदा हाक दिली, त्याने एकदा प्रश्नचिन्ह पाठवले आणि सव्वासातपर्यंत तो विरून गेला. शेतमालकांना संध्याकाळी भेटतो आहे.