मोपाहून बेंगळुरूला विमानाने जाताना पटाश्या आणि रंधे कसे न्यावेत?

प्रश्न (कुडाळ)

बेंगळुरूतील एका कुटुंबासाठी आम्ही फणसाच्या लाकडाचा देव्हारा केला असून त्याचे सुटे भाग ट्रान्सपोर्टने पुढे गेले आहेत. जोडणी आणि शेवटचे कोरीवकाम तिथे जाऊन वडील व मी करणार आहोत. रात्रभराचा बसप्रवास वडिलांना आता झेपत नाही, म्हणून मोपा विमानतळावरून जायचे ठरवले आहे. सोबत साध्या आणि गोल पटाश्या, दोन रंधे, हातकरवत, गुण्या, मोगरी आणि बॅटरीवर चालणारे ड्रिल असेल. यांपैकी हातातल्या बॅगेत काय चालते? पटाश्यांपैकी काही आजोबांच्या आहेत. त्यांची धार शाबूत राहील अशी बांधणी कशी करावी?

उत्तर (वेंगुर्ले)

हातातल्या बॅगेत यांतील एकही हत्यार ठेवू नका. पटाशी, करवत आणि रंध्याचे पाते यांना केबिनमध्ये मनाईच आहे; गुण्या आणि मोगरी यांना धार नसली तरी सुरक्षा तपासणीत त्या अडकू शकतात आणि ऐन वेळी परत काउंटरवर धावावे लागते. चेक-इन सामानात मात्र ही सगळी हत्यारे नेता येतात.

खरी मेहनत बांधणीत आहे. प्रत्येक पटाशीच्या धारेवर जाड पुठ्ठ्याची दुमडलेली पट्टी बसवून त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा ओढून घ्या. चिकटपट्टी थेट पोलादावर लावू नका, कारण तिचा गोंद पात्यावर राहतो आणि आपल्याकडच्या दमट हवेत तिथेच गंज धरतो. त्यानंतर जाड कापडाच्या, कप्पे शिवलेल्या गुंडाळीत एकेक पटाशी वेगळी ठेवा, म्हणजे बॅग आपटली तरी पोलादावर पोलाद घासणार नाही. बॅग उघडून तपासणाऱ्या माणसाचा हात कापू नये, हेही या बांधणीचे तितकेच महत्त्वाचे काम आहे.

रंध्याची पाचर सैल करून पाते काढून घ्या आणि ते वेगळे गुंडाळा. रंधा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) असेल तर तो कपड्यांच्या मध्यभागी ठेवा, कारण बीड आपटल्यावर वाकत नाही, सरळ तडकते. करवतीच्या दातांवर उभा चिरलेला प्लास्टिकचा पाइप चढवला की काम होते. निघण्यापूर्वी पात्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात फिरवा. पावसाळ्यात तर हे टाळूच नका.

हत्यारांची यादी बॅगेत अगदी वर ठेवावी. एक्स-रेमध्ये शंका आली तर प्रवाशाला बोलावून बॅग उघडायला लावतात, म्हणून वेळ हाताशी ठेवून पोहोचा आणि फोन चालू ठेवा.

उत्तर (सावंतवाडी)

वरील उत्तराशी मी सहमत आहे; ड्रिलबद्दल मात्र स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक वाटते. ड्रिल चेक-इनमध्ये जाईल, पण त्याची सुटी लिथियम बॅटरी चेक-इनमध्ये चालत नाही. ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की वॅट-तास मिळतात: १८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तासांची बॅटरी ७२ वॅट-तासांची होते. १०० वॅट-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही; १०० ते १६० च्या दरम्यान विमान कंपनीची संमती घ्यावी लागते आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावून प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवा.

थिनर, स्पिरिट, वार्निश आणि गंज सोडवणारा ज्वलनशील स्प्रे केबिनमध्येही नको, चेक-इनमध्येही नको. पॉलिशचे साहित्य बेंगळुरूतच विकत घ्यावे. जवसाच्या तेलाने भिजलेले फडके तर हत्यारांसोबत मुळीच बांधू नका. ते तेल सुकताना तापते आणि गोळा करून ठेवलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते.

प्रश्नकर्ता (कुडाळ)

दोघांचेही मनापासून आभार. आमच्या तिकिटावर माणशी १५ किलो चेक-इन सामान आहे. आजोबांच्या पटाश्या न्याव्यात की नाही, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही.

उत्तर (वेंगुर्ले)

बिडाचे रंधे आणि क्लॅम्प यांनीच निम्मे वजन भरते, त्यामुळे क्लॅम्प तिथल्याच एखाद्या सुताराकडून मागून घ्यावेत. बॅग हरवली तर मिळणाऱ्या भरपाईला मर्यादा असते आणि आजोबांच्या पोलादाची भरपाई पैशाने होणारही नाही. ज्या गोल पटाशीवाचून देव्हाऱ्याची वेलबुट्टी पुरी होणार नाही, तेवढीच सोबत घ्या. जोडणीसाठी बाजारातील नव्या पटाश्या निसण्यावर नीट धार लावून न्या आणि आजोबांच्या बाकीच्या घरीच ठेवा.